सैल तिकीट

अय्याद गेले आणि मी हक्कात बसले. आमच्या ताझा गावात नवरा गेलेली बाई अल्लाहच्या हक्कात बसते, असंच म्हणतात. अंगावर पांढरं, डोळ्यांत सुरमा नाही, हाताला मेंदी नाही आणि दिवस मावळला की पाय आपल्याच उंबऱ्याच्या आत. चार महिने आणि वर दहा दिवस. मला पांढऱ्याचं काही वाटलं नाही. उपास-नमाज तर माझ्या नेमातलेच होते, त्यात भर पडली इतकंच. जड गेलं ते घर. अय्याद बैठकींच्या गाद्या भरायचे. गच्चीवर लोकर पसरून वेळूच्या काठ्यांनी झोडायचे, तो धपधप आवाज बत्तीस वर्षं माझ्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर होता. तो थांबला तेव्हा मला कळलं की मी स्वतः किती कमी बोलते.

मुलगी एकच, लुबना. ती कासाब्लांकाला. लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा कुठे तिला दिवस राहिले, आणि सहावा महिना लागायच्या सुमारास तिचे वडील गेले. पोट सांभाळत ती दोन दिवस येऊन गेली. जाताना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आई, बाळाच्या वेळी तू हवीस. तू नसलीस तर मी त्या खोलीत पाऊलच टाकणार नाही."

"येईन," मी म्हणाले. "अल्लाहच्या मर्जीनं हक्कातून उठले की येईन."

आमच्याकडे मुलीच्या बाळंतपणाला आई जाते ती चाळीस दिवसांसाठी. बाळाला न्हाऊ घालायचं, बाळंतिणीचं पोट बांधायचं, मेथ्या घातलेली कोंबडी आणि पोळ्यांची रफिसा करून घालायची. चाळिसाव्या दिवशी तिला हमामात न्यायचं आणि मग आपल्या घरी परतायचं. यात सांगण्यासारखं, विचारण्यासारखं काही नसतं. म्हणून मी विचारलं नाही.

एक दिवस दुपारी लुबनाचा फोन आला.

"आई, तिकीट काढलंसुद्धा! रविवारचं. मुनीरनं कॅलेंडर समोर ठेवून मोजलं. शनिवारी तुझे चार महिने दहा दिवस पुरे होतात. शनिवारी फेसहून आत्या येईल, तुला हमामात नेईल, रविवारी सकाळी तू गाडीत."

"बरं," मी म्हणाले.

"आणि बदलता येणारं घेतलंय हं. जरा महाग पडतं, पण तारीख हवी तशी पुढंमागं करता येते. डॉक्टर म्हणतात, बाळाचा भरवसा नाही. म्हणून म्हटलं, सैलच असू दे."

मुनीर, माझा जावई, बँकेत आहे. भला माणूस. त्यानं मोजलं ते बँकेच्या कॅलेंडरवर. पण हक्क मोजायचा तो चंद्रावर, आणि चंद्राचे महिने आखूड असतात. चार महिन्यांत तीन-चार दिवस सहज गळतात. आमच्या आईच्या पिढीत ही चूक कुणी केली नसती. आता तरुण मुलं रमजान सोडला तर कुठला चंद्रमहिना चालू आहे हेसुद्धा सांगू शकत नाहीत.

मी बोटांच्या पेरांवर मोजत होते. मला ठाऊक होतं की मी त्या आधी मोकळी होणार. पण शेवटच्या महिन्याचा चंद्र अजून दिसायचा होता. पक्कं माहीत नसलेलं तोंडातून काढू नये. आणि लुबनाच्या आवाजात काम उरकल्याचा जो सुस्कारा होता तो मोडवेना. म्हटलं, बदलता येतं ना, मग बघू.

शेजारच्या रबहाला मात्र सांगितलं. रबहा दोनदा हक्कात बसून उठलेली, त्यामुळे ती स्वतःला या खात्याची मुकादम समजते. लुबना माझ्या तिकिटाचा फोटोसुद्धा तिच्याच फोनवर पाठवते, कारण माझ्या फोनवर फक्त बोलता येतं.

"सैल तिकीट काढलंय पोरीनं?" रबहा म्हणाली. "शहाणी आहे. घट्ट तिकीट नवऱ्यासारखं असतं, बाई. स्वस्त मिळतं, पण एकदा घेतलं की सुटका नाही. सैल तिकीट म्हणजे माहेर. वाटेल तेव्हा जा."

"तुझ्या तोंडाला काही धरबंध नाही."

"दोघांना पोचवलंय मी. तोंडाला धरबंध कशाला हवा आता?"

चंद्र दिसला. रेडिओवर सांगितलं आणि मी पेरं पुन्हा मोजली. माझा हक्क मंगळवारी सूर्यास्ताला संपत होता.

त्या मंगळवारी दुपारी लुबनाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. "आई, कंबर धरलीय सकाळपासून. रविवारपर्यंत थांबेल ना गं हे? मला फार भीती वाटते."

तेव्हा मी सांगितलं. चंद्राचा हिशेब समजावला. "मी आज सांजेला मोकळी होते, बाळा. परवासुद्धा येऊ शकते."

मागे भांड्यांचा आवाज येत होता, आणि तिच्या सासूचा, लल्ला जुबैदांचा, कुणाला तरी काही सांगण्याचा.

"पण तिकीट रविवारचं आहे, आई."

"बदलता येतं म्हणालीस."

"हो... येतं. येतं तसं." मग तिनं आवाज खाली आणला. "मुनीरला विचारते. कळवते तुला."

सूर्य मावळला. मी नमाज पढले, जपमाळ संपवली आणि तिथंच बसून राहिले. हक्कातून उठायचा दिवस म्हणजे बायका येतात. नणंद येते, चुलत बहिणी येतात, हमामात नेतात, मेंदी लावतात, जेवायला करतात, रडतात नि हसतातही. माझ्या बायका शनिवारी येणार होत्या. मी मोकळी झाले होते आणि ते माझ्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं. रस्त्यात कुणीतरी गाढवाला हाकत होतं. मी उठून दिवा लावला. फोन वाजला नाही.

सकाळी पहाटेची नमाज झाल्यावर कुराणाचं रोजचं वाचन केलं. त्यात मन लागलं नाही, म्हणून तेच पान पुन्हा वाचलं. मग रबहाचं दार ठोठावलं.

"मला हमामात ने."

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शनिवारी नव्हतं का?"

"चंद्रानं आज आहे."

रबहा लगेच आत वळली. बादली, काळा साबण, खरबरीत हातमोजा, सगळं गोळा केलं. बायकांची वेळ सुरू होताच आम्ही दोघी हमामात शिरलो. गरम खोलीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. ती माझी पाठ इतक्या जोरानं घासत होती की मला हसू आलं.

"रडतेस का हसतेस?"

"कातडं ठेव थोडं."

"चार महिन्यांचा मळ आहे, बाई. बँकेच्या हिशेबानं तर अजून तीन दिवसांचा चढायचा होता."

पांढरे कपडे हमामातल्या म्हाताऱ्या सेविकेला दिले. ती दुवा देत म्हणाली, "बाकीच्या बायका कुठायत गं?" रबहा म्हणाली, "मी चौघींएवढी आहे, दिसत नाही?" मी माझा तपकिरी, पायघोळ जेलाबा चढवला. अंगावर रंग चढला की बाई जराशी परकी वाटते, स्वतःलासुद्धा.

स्टेशन खाली नव्या गावात. टॅक्सीनं उतरलो. खिडकीमागे चष्मा लावलेला एक तरुण मनुष्य होता. रबहानं तडा गेलेला फोन काचेला लावला.

"सैल तिकीट आहे. हिला उद्या जायचंय."

"बदलता येणारं," तो म्हणाला. "या, हाज्जा, बघू."

"मी हज केलेला नाही, पोरा," मी म्हणाले.

"म्हणू दे गं," रबहानं मला ढोसलं. "फुकट मिळतोय हज, घे की."

तो हसला आणि यंत्रावर बोटं चालवू लागला. "उद्या सकाळच्या गाडीत जागा आहे. खिडकीची देतो. जाण्याचं झालं. आणि येण्याचं?"

"येण्याचं कसलं?"

"दुहेरी आहे ना तिकीट. रविवारी जाणं, पुढच्या बुधवारी येणं. दोन्ही बदलता येतात. जाण्याची तारीख अलीकडे आणली, तर येण्याचीही आणायची का?"

मला पहिल्यांदा वाटलं, तो दुसऱ्याच कुणाचं तिकीट बघतोय. "नाव वाचा," मी म्हणाले. त्यानं वाचलं. माझंच होतं.

रविवार ते बुधवार. सोमवार आणि मंगळवार हे मधले दोन दिवस.

रबहा गप्प होती. मी तिला गप्प अशी त्याआधी फक्त मयतीत पाहिली होती. मग ती म्हणाली, "दुहेरी स्वस्त पडत असेल. हो ना रे?"

"कधी कधी पडतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. आमच्यामागे एक माणूस कोंबडीची टोपली घेऊन उभा होता, तो घसा खाकरू लागला. "येण्याचं रद्दही करता येतं, हाज्जा. पैसे ज्यांनी तिकीट काढलं त्यांना परत जातात. त्यांना तसा मेसेज जाईल."

मेसेज जाईल. म्हणजे आईनं परतीचं तिकीट रद्द केलं, हे लुबनाला तिच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळेल, सासूच्या समोर. मी आयुष्यभर मागायचं ते एकाच दारात, अल्लाहच्या दारात मागितलं. दुसऱ्या दारात उभं राहायची सवयच लागली नाही.

"राहू दे," मी म्हणाले. "येण्याचं आहे तसंच असू दे."

टॅक्सीत बसतो न बसतो तोच माझा फोन वाजला. लुबना होती. "आई! तिकीट बदललं असा मेसेज आलाय. माझ्याकडून चुकून हात लागला की काय?"

"मी बदललं. स्टेशनवर आले होते."

"तू?" मग फार हळू, जणू कुणाला कळू नये असं ती म्हणाली, "बरं केलंस, आई. बरं केलंस."

घरी येऊन मी बोचकं सोडलं. चाळीस दिवसांचं बांधलं होतं. लुबनासाठी भाजलेल्या पिठाचा, बदाम-तिळाचा सल्लू मोठ्या डब्यात भरला होता. बाळाच्या दुपट्यांसाठी अय्यादचे दोन जुने मऊ सदरे फाडून ठेवले होते. माझे चार जोड, थंडीचा जाड जेलाबा. मी जाड जेलाबा बाहेर काढला. दोन जोड बाहेर काढले. थोड्या वेळानं एक जोड परत आत ठेवला.

दुसरा दिवस गुरुवार होता, माझ्या उपासाचा. प्रवासात सूट असते, पण मी धरला. गाडीत खाण्याचा प्रश्नच नको. फेस गेलं, मेकनेस गेलं, मग सपाट हिरवी शेतं सुरू झाली, आणि मी खिडकीला डोकं टेकून माझं रोजचं वाचन ओठांतल्या ओठांत करत राहिले. कासाब्लांकाला मुनीर फलाटावर आला होता. त्यानं माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं, बोचकं उचललं आणि ओशाळून म्हणाला, "मावशी, माझा हिशेब चुकला म्हणे. चंद्र माझ्या लक्षातच आला नाही."

"तुझ्या बँकेत चंद्राचं खातं नसेल," मी म्हणाले. तो इतका मोठ्यानं हसला की त्यालाच नवल वाटलं. तिकिटाचं तो काही बोलला नाही. मीही नाही.

घर चौथ्या मजल्यावर. पुढच्या बैठकीच्या खोलीत तीन भिंतींना लागून अय्यादनी भरलेल्या गाद्या होत्या, लुबनाच्या लग्नात दिलेल्या. अजून घट्ट होत्या. आमच्या घरांत जागा नाही असं कुणालाच म्हणता येत नाही. दहा माणसं त्या बैठकींवर झोपू शकतात. लल्ला जुबैदा दारात उभ्या होत्या. धिप्पाड, हाताला पीठ.

"या, विहीणबाई, या! आम्हाला तर रविवारी याल असं वाटलं होतं. काही हरकत नाही, आपलंच घर आहे."

लुबना आतून आली. पोट पुढे, पाय सुजलेले. तिनं मला जी मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही. तिचे केस माझ्या गालाला लागत होते आणि त्यांना लहानपणासारखाच मेंदीचा वास येत होता.

सूर्यास्ताला खजूर आणि दुधानं उपास सोडला. मी उठून स्वयंपाकघरात गेले, तर लल्ला जुबैदांनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "बसा तुम्ही. पाहुण्या आहात. इथं सगळं माझ्या हाताखाली लागलंय."

मी बसले.

शुक्रवारी सकाळी लुबनाच्या कळा सुरू झाल्या. दवाखान्यात पोचलो तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती. दारातली परिचारिका म्हणाली, "एकच बाई आत. फक्त एक."

"मी जाते," लल्ला जुबैदा पुढे झाल्या. "मला इथल्या डॉक्टरणीशी फ्रेंचमध्ये बोलता येतं. विहीणबाई घाबरतील."

त्या बोलल्या त्यात वाईट काही नव्हतं. मी खरंच घाबरले होते. मी एक पाऊल मागे झाले, भिंतीपाशी. तेवढ्यात लुबनानं मान वळवली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"आई येईल," ती म्हणाली. लल्ला जुबैदांना ती 'खालती' म्हणते, म्हणजे मावशी. 'आई' म्हणजे मीच. "आई येईल माझ्याबरोबर. नाहीतर मी जात नाही."

मी गेले. आत काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. प्रत्येक बाईला ते ठाऊक असतं. लुबनानं माझा हात असा पिळला की रात्री माझी बोटं वळेनात. मधे एकदा ती ओरडली, "आई, तू रविवारी यायची होतीस!" आणि कळांच्या मध्येच हसली. मी तिच्या कानात दुवा वाचत होते. शुक्रवारची मोठी नमाज होता होता मुलगी झाली. मशिदीतून आवाज येत होता तेव्हा बाळ रडलं. परिचारिकेनं ते आधी माझ्या हातात दिलं, कारण मीच तिथं होते.

मला वाटलं, आता मागण्यासारखं काही उरलं नाही.

मग पुढचे दिवस आले. बाळाचं न्हाणं लल्ला जुबैदा करत, कारण पहिल्यापासून ते त्यांचंच ठरलेलं. रफिसा त्यांनीच केली आणि ती चांगली झाली होती. मी आणलेल्या सल्लूचा डबा वरच्या फळीवर गेला. त्यात बडीशेप कमी आहे, त्यांच्याकडे जास्त घालतात, असं त्या म्हणाल्या. दुपट्यांचं दुकानातलं पाकीट आलं होतं, पांढरं शुभ्र. बाळ रडलं की त्या आधी उठत. त्यांची खोली जवळ होती, आणि बैठकीतून उठायला मला वेळ लागे. मी लुबनाच्या पायांना तेल लावे. कपडे घडी करे. लुबना दूध पाजताना मी शेजारी बसे, आणि ती डोळे मिटून म्हणे, "आई, काहीतरी बोल ना." मी बोलत असे. थोडं.

मंगळवारी संध्याकाळी मी दुपट्यांच्या घड्या करत होते. लुबनाच्या उशाशी तिचा फोन टिणकला. तिनं पाहिलं आणि जीभ चावली.

"अगं बाई. आई, तुझं येण्याचं तिकीट उद्याचं आहे! मी विसरलेच होते." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"स्टेशनवर कळलं होतं."

"मुनीरनं दुहेरी काढलं. आई, तेव्हा मला वाटलं होतं..." तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं. "खालती म्हणाल्या, दोन घरच्या दोघी एका स्वयंपाकघरात चाळीस दिवस, नको. कुणाचं तरी मन दुखेल. म्हणून म्हटलं, तारीख घालून ठेवू, आणि बदलता येणारं घेऊ. बदलता येतंच की."

"येतं," मी म्हणाले.

"मग बदलते. नावाचा दिवस परवा गुरुवारी आहे, तो तुझ्याशिवाय कसा होईल? कधीचं करू?"

ती फोन हातात घेऊन थांबली. अंगठा वर उचललेला. माझ्या मांडीवर एक दुपटं अर्धं घडी केलेलं होतं. स्वयंपाकघरात लल्ला जुबैदा भांडी पुसत होत्या, आणि भांड्यांचा आवाज थांबला होता.

मी वाट पाहिली. ती एखादा शब्द बोलेल, असं वाटलं. नुसतं 'चाळिसाव्याचं करते' एवढं. किंवा 'तूच सांग' एवढं तरी. ती बोलली नाही. तिचा चेहरा थकलेला होता, आणि प्रेमळ होता. मला माझीच लाज वाटू लागली, की ओल्या बाळंतिणीला मी कसल्या परीक्षेला बसवते आहे. अल्लाहनं शुक्रवारी मला जे दिलं ते मी मागितलं होतं त्याहून जास्त होतं.

"शनिवारचं कर," मी म्हणाले.

"शनिवार?" ती म्हणाली आणि अंगठा खाली आला. मग तिनं दोनदा टेकवला. "झालं. बघ, किती सोपं आहे. आणि शनिवारीही वाटलं तर परत बदलता येईल हं. कितीही वेळा."

स्वयंपाकघरातून भांडी पुन्हा वाजू लागली. मी दुपट्याची घडी पुरी केली.

नावाचा दिवस चांगला झाला. मेंढा कापला, बायका आल्या, नाव रीम ठेवलं. लल्ला जुबैदांनी बाळ सगळ्यांना दाखवलं, मलाही. शुक्रवारी सगळ्यांनी मिळून कुसकुस खाल्ला. शनिवारी सकाळी लुबना दारापर्यंत आली. बाळंतिणीनं त्यापुढे येऊ नये. ती रडली. "पुन्हा ये, आई. लगेच ये. मी सैलच तिकीट काढीन."

"काढ," मी म्हणाले, आणि बाळाच्या कपाळावर ओठ टेकवले.

रबातला एक बाई डब्यात चढली, माझ्यासमोर बसली. गरसीफला निघाली होती, सुनेकडे. मोठं कुटुंब, मोठा आवाज, मांडीवर संत्र्यांची पिशवी. फेस यायच्या आत तिनं मला तिच्या तीन सुनांची सगळी माहिती दिली. मग विचारलं, "आणि तुम्ही कुठून?"

"मुलीकडून. बाळ झालं तिला."

"मबरूक, मबरूक! केव्हा झालं?"

"मागच्या शुक्रवारी."

संत्रं सोलता सोलता ती थांबली. "आठवडा झाला फक्त? आणि तुम्ही निघालात? चाळीस व्हायच्या आधी? मुलीनं सोडलं कसं?"

आजूबाजूची दोन-तीन माणसं बघू लागली. मी खोटं बोलत नाही. तसा माझा नेम आहे आणि तो मोडायला ही जागा नव्हती. मी शब्द निवडत राहिले.

"तिकीट बदलता येणारं होतं," मी म्हणाले. "ती म्हणाली, हवं तेवढं पुढे करते. शनिवारची तारीख मीच सांगितली."

"हं," बाई म्हणाली, आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिनं संत्र्याच्या चार फोडी माझ्या तळहातावर ठेवल्या. "खा. गोड आहेत."

मी खाल्ल्या. गोड होत्या. ती पुन्हा मधल्या सुनेकडे वळली. मला ते बरं वाटलं. मी मान हलवत राहिले. फेसला बरीच माणसं उतरली, तरी ती बोलतच होती. बाहेर डोंगर सुरू झाले होते आणि खिडकीची काच वाऱ्यानं खडखडू लागली होती, तेव्हा ताझा आलं. तिनंच माझं बोचकं वरून काढून दिलं.

"हलकं आहे गं बाई तुमचं," ती म्हणाली.

"जाताना जड होतं," मी म्हणाले, आणि खाली उतरले.